करड्या डब्याची चाल

समजा, तुमच्यापुढे चौकटींची एक जाळी आहे. आडव्या सोळा चौकटी, उभ्या चोवीस. एका चौकटीत एकच रंग. अर्धी चौकट भरता येत नाही, तिरकी रेघ ओढता येत नाही, बोटानं पुसून कड मऊ करता येत नाही. एवढ्या जागेत एक माणूस उभा करायचा आहे, डोकं, हात, पाय, कपडे, सगळ्यासकट. जमेल असं वाटतंय? थांबा, अजून आहे. तो माणूस म्हणजे तुम्ही स्वतः. आणि तो बघणारा जगात एकच जण आहे. तो एकदाच बघणार, पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात त्याला तुम्ही ओळखू आला पाहिजेत. खाली तुमचं नाव लिहायचं नाही, कारण नाव दिसलं तर तो चित्र उघडणारच नाही. करा सुरुवात. कुठली चौकट आधी भराल?

मिस्त्रींनी मधली भरायला घेतली आणि तिथेच घोडं अडलं. सोळाला मधली चौकट नसते.

त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म फरशा बसवण्यात गेलेला. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की आधी दोरी ताणून मधली रेघ मारायची आणि तिथून दोन्ही अंगांना सारखं सरकत भिंतींपर्यंत जायचं, म्हणजे कापलेले तुकडे दोन्हीकडे सारखे येतात. हाताला लागलेलं वळण. इथे मध्य पडत होता तो नेमका सांध्यात. आता नाक कुठे बसवायचं? पहिली सगळी दुपार त्यांनी नाकात घालवली, आणि शेवटी दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा म्हणून नाक दोन चौकटींचं केलं.

मॅडम मागून येऊन स्क्रीनकडे बघत राहिल्या. "काका, हा माणूस आहे की कपाट?"

"माणूस."

"मग शाळेत शिक्षा झाल्यासारखा का उभाय? डावी बाजू उजवीची नक्कल, उजवी डावीची. तुम्ही असे उभे राहता कधी?"

मिस्त्री खुर्चीत जरा सरळ झाले. उजवा पाय त्यांनी टेबलाखाली लांब सोडला होता, कारण तो गुडघ्यात वाकवून बसलं की अर्ध्या तासानं उठता यायचं नाही. "नाही राहत," ते म्हणाले.

या मॅडम मिस्त्रींच्या थोरल्या मुलीपेक्षाही वयानं लहान. पूर्वी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होत्या. गेममध्ये जी छोटी छोटी चित्रं हलतात, धावणारी माणसं, उडणारे पक्षी, त्यांना स्प्राइट म्हणतात, ती काढण्याचं काम त्या करायच्या. कंपनीला टाळं लागलं तशा त्या या कॉम्प्युटर क्लासात आल्या आणि मुलांना टायपिंग शिकवू लागल्या. क्लास म्हणजे एका गॅरेजच्या वरची लांबट खोली. खाली कुणी गाडीचा पत्रा ठोकायला लागलं की वर माउस थरथरायचे. दुपारी मुलं शाळेत असायची, तेव्हा खोली रिकामी. मिस्त्री दुपारीच यायचे. जिना चढून आले की दाराशी उभं राहून आधी श्वास घ्यायचे आणि मग आत यायचे, म्हणजे दमलेले दिसायला नको.

पण ते या जिन्यावर आले कसे, ते सांगायला हवं.

मिस्त्रींचा धाकटा मुलगा घर सोडून गेला त्याला दुसरं वर्ष चाललं होतं. भांडण जुनंच. बापाचा गुडघा बोलायला लागला होता, पोरानं हाताशी यावं असं त्यांना वाटायचं. पोरगा चार-दोनदा कामावर गेलाही. त्याची ओळ सरळ येईना. मग तो खोलीचं दार लावून कॉम्प्युटरपुढे बसायला लागला आणि मिस्त्री जेवताना एखादं वाक्य फेकायला लागले. "अर्धी फरशी आहेस तू. कपाटाखाली सरकवायच्या लायकीची." त्यांच्या धंद्यात हे रोजचं बोलणं. कापलेला तुकडा कुणी दारात बसवत नाही, जिथे नजर जात नाही अशा कोपऱ्यात ढकलतात. कामावरच्या पोरांना मिस्त्री हे हसत हसत म्हणायचे. घरी म्हणताना हसायचं राहून जायचं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी पोराच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून काढली. स्क्रीन काळी झाली. आत काय काम चाललं होतं, ते जपून ठेवलेलं होतं की गेलं, त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी पोरगा घरात नव्हता. फोन बंद. मित्रांनी हात वर केले. चौकीत सांगितलं तर म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय, येईल.

आला नाही.

थोरली औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसलं की फोनवर फुकटातले गेम खेळत बसते. एके दिवशी तिनं दुकानातूनच आईला फोन लावला. "आई, आपलं स्वयंपाकघर माझ्या फोनमध्ये आहे."

आणि होतंच. नळाला बांधलेलं फडकं, तडकलेल्या काचेवर लावलेली चिकटपट्टी, पिवळं स्टूल. गेममध्ये खेळणारा म्हणजे एका कानाची मांजर. तिनं घरभर हिंडायचं आणि उबेची जागा शोधायची, बस्स. शेगडीपाशी आई उभी. ती ढवळताना कोपर बाहेर काढते, ते तसंच. आरशापुढे थोरली, वेणी घालून झाली की पाठीवर फेकणारी. इवल्याशा चौकटींनी केलेली माणसं, पण आई स्वतःला बघून खुदकन हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आणि एक करडा डबा. नुसता उभा डबा, ना डोळे ना हात. तो बाहेरच्या दारातून आत यायचा, स्वयंपाकघरातून सरकत आतल्या खोलीच्या बंद दारापर्यंत जायचा, तिथे थांबायचा आणि परत फिरायचा.

बनवणाऱ्याचं नाव लिहिलं होतं: अर्धी फरशी.

गेमच्या पानावर खाली दोन ओळी होत्या. "एक माणूस काढायचा राहिलाय. माझ्याच्यानं होत नाही. कुणी सोळा बाय चोवीसमध्ये काढून पाठवला तर बघेन." कुणीकुणी पाठवलेही होते. एकानं दाढीवाला जादूगार, एकानं तलवार घेतलेला शिपाई, एकानं टाय लावलेला साहेब. प्रत्येकाखाली पोरानं दोनच शब्द लिहिले होते. "हा नाही."

थोरलीनं त्या पानावर निरोप लिहिले. आईनंही तिच्याकडून लिहवून घेतले. एकाचंही उत्तर नाही, उघडल्याची खूणसुद्धा नाही. चित्रं मात्र तो बघत होता.

"मी काढून पाठवतो," मिस्त्री म्हणाले.

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "पोरगा समोर होता तेव्हा तोंडातून एक धड शब्द निघाला नाही तुमच्या. आता ठिपके मांडून बोलणार का?"

तोंडाला जमत नाही म्हणूनच, असं त्यांना म्हणायचं होतं. तेही तोंडाला जमलं नाही.

तर अशा रीतीनं मिस्त्री क्लासात आले. आणि त्यांना काहीच येईना. उगाच कशाला खोटं सांगा? लादीत आयुष्य गेलं म्हणून चौकटी त्यांना चटकन वश झाल्या, असं काही झालं नाही. उलट तीच अडचण होऊन बसली. ते प्रत्येक गोष्टीभोवती काळी रेघ घालायचे. डोक्याभोवती, हाताभोवती, हातातल्या बोटाभोवती.

"काका, सांधे भरू नका," मॅडम म्हणायच्या. "इथे जागा किती आहे? सगळी तर काळ्या रेघेनंच खाल्ली. आतला माणूस गुदमरला."

"रेघ नसली तर हात कुठे संपला ते कळणार कसं?"

"शर्टाहून हात जरा उजळ ठेवा. डोळा आपोआप समजून घेतो. बघणाऱ्यालाही थोडं काम द्या की."

मग डोकं. खऱ्या माणसाच्या मापानं काढलं तर ते तीन चौकटींचं होत होतं. तोंड काढायला जागाच उरेना. मॅडमनी डोकं सरळ दुप्पट करायला लावलं. मिस्त्रींना तो माणसाचा अपमान वाटला, पण दूर जाऊन बघितलं तर पहिल्यांदाच तो माणूस वाटला. मग रंग. त्यांनी शर्टात सात करडे वापरले होते. मॅडमनी दोन ठेवले. मिस्त्री मन लावून एक ठिपका घालायचे आणि मॅडम येऊन तीन काढायच्या. शेवटी त्यांनी एक खेळ काढला. अख्खं चित्र काळ्या रंगानं भरून टाकायचं आणि विचारायचं, "आता सांगा, कोण आहे?"

"कुणीतरी माणूस."

"कुणीतरी नकोय आपल्याला. सावलीवरून ओळखू आला तर तुम्ही. नाहीतर कुणीही."

मिस्त्रींचे डोळे पाण्यानं भरायचे, चौकटींकडे एकटक बघून. निदान ते तसंच सांगायचे. फरशीच्या धंद्यात हात चुकला तर फरशी उचलून पुन्हा बसवता येते, चुना ओला असेपर्यंत. इथे ओलं-सुकं काही नव्हतं, कितीही वेळा उचला नि बसवा, आणि त्यामुळेच कशालाच शेवट नव्हता. घरी गेले की बायको विचारायची, "झाला का तुमचा बाहुला?" आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायची.

उभा माणूस कसाबसा जमला, तेव्हा चालीची पाळी आली. चालणं म्हणजे चार चित्रं. एक पाय पुढे, पाय जवळ, दुसरा पाय पुढे, पुन्हा जवळ. ती एकामागून एक फिरवली की माणूस चालतो.

"चालून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्री उठले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेतून ते दात आवळून चालत गेले, एकदाही न लचकता. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. मॅडमनी जिन्यावरची त्यांची पावलं रोज ऐकली होती. त्यांनी फक्त विचारलं, "असंच काढायचं?"

"चित्रात तरी नीट चालू दे," मिस्त्री म्हणाले.

चित्रातला माणूस नीट चालला. चांगला ताठ, दोन्ही पाय सारखे टाकत. पोरानं गेमचं आतलं सगळं उघडं ठेवलं होतं, कुणालाही उतरवून घेता येईल असं. मॅडमनी ते क्लासच्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि करड्या डब्याच्या जागी हा माणूस बसवला. तर तो घसरायला लागला. पाय एका ठिकाणी आणि अंग भलतीकडे, तेल सांडलेल्या लादीवर चालल्यासारखा.

मॅडमनी आत डोकावून बघितलं. "त्यानं डबा पुढे सरकवलाय तोच वेडावाकडा. एकदा जास्त, एकदा कमी, पुन्हा जास्त, पुन्हा कमी. शिकाऊ माणसाची चूक आहे. आणि दारापाशी जाऊन अडकतोच मेला. मी सारखं करून घेते आपल्यापुरतं."

"त्याची ओळ कधी सरळ येतच नाही," मिस्त्री म्हणाले. सवयीनं म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी मॅडमकडे बघितलं नाही.

मॅडमनी पावलं सारखी केली. माणूस झकास चालला. त्यांनी ते पाठवून दिलं, नावाशिवाय. दोन दिवस मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. दर थोड्या वेळानं ते थोरलीला फोन करायचे. "आलं का काही?" "बाबा, मी दुकानात आहे." "हां, बरोबर. आलं का पण?"

आलं. थोरली ते फोनवर सांगायला धजली नाही. दुकानातून सुटी घेऊन स्वतः क्लासात आली, दारात उभी राहिली, आणि तिचा चेहरा बघून मिस्त्रींनी माउस सोडला.

"काय लिहिलंय?"

"बाबा, त्याला माहीत नाही कुणी पाठवलंय ते."

"काय लिहिलंय ते सांग."

"हा नाही."

बापाच्या चित्राखाली पोरानं लिहिलं होतं, हा नाही. जादूगार नाही, शिपाई नाही, टायवाला साहेब नाही, आणि हाही नाही. मिस्त्री खुर्चीत मागे टेकले. खाली गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. पायाखालची जमीन हलतेय असं त्यांना वाटलं, ती खरोखरच हलत होती.

"अजून आहे," थोरली म्हणाली. "पानावर लिहिलंय, महिनाअखेरीला हे बंद करतोय. जमलं नाही म्हणून."

मॅडमनी खुर्ची ओढून तिला बसायला दिली. एका कॉम्प्युटरवर त्यांचा माणूस तुरुतुरु चालत होता. शेजारच्यावर पोराचा मूळ गेम तसाच उघडा राहिला होता, डबा जात होता आणि येत होता. थोरलीनं त्यांच्या माणसाकडे एकदा बघितलं, कुणी नव्यानं भेटलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. मग तिची नजर शेजारी गेली आणि तिथेच खिळली.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"हा डबा. बघा ना कसा चालतोय. एक पाऊल लांब, एक आखूड. आम्ही जिन्यावरच्या आवाजावरून ओळखायचो, बाबा आले. आवाज आला की मी आरसा ठेवून द्यायचे आणि तो गाणी बंद करायचा."

"भीतीनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सवयीनं." ती जरा थांबली. "आधी भीतीनं. मग सवयीनं."

मॅडम स्क्रीनजवळ सरकल्या. "मी चूक समजून सारखं केलं की हो हे," त्या पुटपुटल्या. मिस्त्री डब्याकडे बघत होते. लांब, आखूड. लांब, आखूड. डबा स्वयंपाकघरातून गेला, आतल्या दाराशी पोचला आणि थांबला.

"इथे मात्र अडकतोच," थोरली म्हणाली.

त्या थांबण्याचा अर्थ खोलीतल्या एकट्या मिस्त्रींनाच माहीत होता, आणि आजवर त्यांची समजूत होती की जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. कामावरून आले, हातपाय धुतले की ते आत जायचे. बंद दारापुढे उभे राहायचे. हात वर जायचा, वाजवावं म्हणून. काहीतरी साधं बोलायचं असायचं. जेवलास का, एवढंच. मग हात खाली यायचा आणि ते परत फिरायचे. पुढे जेवताना तोंडातून निघायची ती अर्धी फरशी.

"पुसा हा," ते मॅडमना म्हणाले आणि आपल्या झकास चालणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. "सगळा पुसा. पहिल्यापासून काढू."

आता घाई होती, आणि घाईत शिकणं म्हणजे काय ते विचारू नका. मिस्त्री रोज दुपारी खुर्च्यांच्या वाटेतून चालायचे, या वेळी दात न आवळता. दुखरा पाय टेकला की अंग कसं एका बाजूला कलतं, खांदा कसा खाली जातो, चांगला पाय कसा घाईघाईनं येऊन जवळच पडतो. मॅडम बघायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." एकदा तर त्यांनी पाच-सात वेळा चालायला लावलं आणि शेवटी स्वतःच म्हणाल्या, "बसा हो काका, मला बघवत नाही." मिस्त्री बसले नाहीत. डोकं एक चौकट खाली आणायचं ते नेमकं कुठल्या चित्रात, यावर दोघांचं भांडणही झालं. मॅडमचं बरोबर निघालं.

डबा उजवीकडे जातो आणि डावीकडे परत येतो. उजवीकडची चित्रं झाल्यावर मॅडमनी ती आरशातल्यासारखी उलटी केली. "झाली डावीकडची. हे सगळेच करतात, निम्मं काम वाचतं."

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. "मॅडम, येताना माझा डावा पाय लंगडतोय."

"काय?"

"जाताना उजवा दुखतो आणि येताना डावा. गुडघा बदलला की हो वाटेत."

मॅडम हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "काका, हे कुणाच्याही लक्षात येत नाही. मोठमोठ्या गेममध्ये तलवार या हातातून त्या हातात जाते."

"बघणारा एकच आहे पण."

मग परतीची चारही चित्रं नव्यानं काढली. आता दुखरा पाय पलीकडच्या बाजूला गेला, म्हणून तो एक छटा गडद करायला हवा, हे मॅडमनी सांगितलं. कलणं पलीकडे व्हायला हवं, हे मिस्त्रींनी स्वतः भिंतीला धरून उभं राहून शोधलं. दोनदा सगळं बिघडलं. एकदा फाइल जपायची राहिली आणि वीज गेली. स्क्रीन काळी झाली तसे मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. "असं होतं होय," ते म्हणाले. मॅडमना वाटलं ते विजेबद्दल बोलताहेत.

पावलं डब्याला जुळली. पाय जिथे टेकला तिथे टेकला, घसरणं बंद. थोरलीनं ते फोनवर घेतलं आणि घरी आईपुढे धरलं, काही न सांगता. आई भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आज जास्त दुखतोय वाटतं गुडघा."

मग तिच्या लक्षात आलं. सुरी हातात तशीच राहिली. "जरा सावकाश चालवा त्याला," ती नवऱ्याला म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

उरलं होतं दारापाशी उभं राहणं. ते एकच चित्र सगळ्यांत जड गेलं. माणूस उभा असला तरी दगड वाटायला नको, म्हणून मॅडमनी खांदे एक चौकट वर, एक चौकट खाली करायला शिकवलं. श्वास घेतल्यासारखं. ते झालं. पण हात? या मापात हात म्हणजे मनगटाखाली दोन ठिपके, जास्त नाहीत. ते दोन ठिपके मिस्त्रींनी आधी मांडीशी ठेवले. मग कमरेशी. मग पुन्हा मांडीशी. पान बंद व्हायला आलं होतं, थोरलीचे फोनवर फोन येत होते, आणि मिस्त्री दोन ठिपके उचलत होते आणि ठेवत होते.

शेवटी त्यांनी ते छातीच्या उंचीला आणले, दारापासून एक चौकट अलीकडे.

"दार वाजवतोय?" मॅडमनी विचारलं.

"वाजवणार होता."

"मग दाराला टेकवू का? एकच चौकट आहे मधे."

"नको," मिस्त्री म्हणाले. "तेवढी होतीच."

मॅडमनी फाइल पाठवली. नावाच्या जागी काहीच घातलं नाही. मिस्त्रींनी विचारलं, गेलं का, आणि मॅडम म्हणाल्या, गेलं.

त्यानंतर पानावर "हा नाही" आलं नाही. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी ते शुभ मानलं. दुसऱ्या दिवशी थोरलीला विचारलं, की तो रोज बघतो का. तिसऱ्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाच्या चित्राखालीही पोरानं काही लिहिलं नाही, त्यामुळे त्यानं बघितलं आणि गप्प राहिला, की बघितलंच नाही, हे कळायला वाट नव्हती. महिना संपला आणि थोरलीनं पान उघडलं तर तिथे पांढऱ्या पडद्यावर एक ओळ होती, असं काही सापडत नाही म्हणून. तिनं पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. आईनं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि उलटा करून ठेवला.

मिस्त्री अजून क्लासात येतात. मॅडम त्यांना यायला मना करत नाहीत. क्लासच्या कॉम्प्युटरवर गेमची उतरवून घेतलेली प्रत आहे, ती लावून ते बसतात. त्यातला माणूस बाहेरच्या दारातून येतो, लांब, आखूड, लांब, आखूड. शेगडीपाशी आई ढवळते आहे, तिच्या मागून तो जातो. आतल्या दाराशी थांबतो. खांदे वर होतात, खाली होतात. हात छातीशी येतो. दार उघडत नाही, कारण पोरानं गेममध्ये ते उघडणारं बनवलेलंच नाही. मग तो वळतो आणि उजव्याच गुडघ्यावर लंगडत परत येतो.

परवा दुपारी मॅडम मुलांच्या परीक्षेचे कागद लावत होत्या. मिस्त्रींनी माउसवरचा हात काढला आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "मॅडम, एक सांगा. दाराखाली फट होती. माझ्या पायांची सावली आत पडत असणार, त्याशिवाय हे थांबणं त्याला कळलं कुठून? म्हणजे तो आतून बघत होता. रोज बघत होता. मी आत येईन म्हणून वाट बघायचा, की मी कधी एकदा जातोय म्हणून?"